जखम भरायला डाळ लागते

“अजून काय सोडू, बुवा?”

त्र्यंबकने विचारलं तेव्हा मठाचे प्रमुख निरंजनबुवा कुळीथ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय काय सोडलंस?”

“आधी दूध सोडलं. मग शेंगदाणे, डाळी, सगळी कडधान्यं. पाच महिने झाले, दोन वेळा फक्त तांदळाची पेज.”

त्याच्या आवाजात नम्रता होती, पण थोडीशीच.

मठात येण्यापूर्वी त्र्यंबक शाळेत विज्ञान शिकवायचा. उपासतापासात त्याचा हात धरणारा मठात दुसरा कोणी नव्हता.

बुवा त्याच्या पायाकडे पाहत होते. महिन्यापूर्वी काटा रुतला होता. जखम अजून ओलीच होती.

“सकाळी आपले म्हातारे गेनूआबा पायरीवर पडले, तेव्हा तू जवळच होतास ना?”

“होतो…”

“मग?”

“उचलायला गेलो. उचलवेना.”

आबांना शेवटी बुवांनीच उचलून ओसरीवर आणलं होतं. बुवांचं वय बाहत्तर.



“शाळेत मुलांना काय शिकवायचास? डाळी-कडधान्यांबद्दल?”

“त्यात प्रथिनं असतात. शरीराची रोजची झीज त्यांनी भरून निघते.”

“खरं सांगायचास का मुलांना?”

त्र्यंबकने जखमेचा पाय मागे ओढून घेतला.

“हे व्रत कोणाला विचारून घेतलंस?”

“मनाला.”

“पायाला विचारलंस?”



बुवा उठले. चुलीवर कुळथाचं पिठलं रटरटत होतं. त्यांनी वाडगाभर वाढलं, वर भाकरी ठेवली आणि वाडगा त्याच्या पुढ्यात सरकवला.

“पोट भाताने भरतं रे. जखम भरायला डाळ लागते.”

त्र्यंबकने वाडग्याकडे खूप वेळ पाहिलं. मग पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. पिठलं तिखट होतं, असं तो नंतर सांगायचा.

त्या दिवसापासून तो रोज पंगतीला बसू लागला. कधी मटकीची उसळ, कधी वरण, कधी वाटीभर ताक. दीड महिन्यात पायावर नवी कातडी धरली. विहिरीवरून तो दोन हंडे न थांबता आणू लागला. झोपही गाढ लागायची.

एका दुपारी तो हसतमुखाने बुवांकडे आला.

“बुवा, पाय पूर्ण बरा झाला. अंगात ताकदही आली. आता व्रत पुन्हा सुरू करू का?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

“आज जेवलास?”

“नाही अजून.”

“मग बस. मीही तुझ्यासाठीच थांबलोय.”