नाक्यानाक्यावर लंगोट

"एकच स्वार, एकच चिठ्ठी! आणि दिवस मावळायच्या आत ती कुस्तीच्या प्रत्येक शौकिनाला पोहोचली पाहिजे!" कोंडगडच्या वीरधवल महाराजांनी फर्मावलं आणि मिशीला पीळ दिला.

शौकीन काय एका गावात होते? कोंडगडात होते, शेजारच्या बोरीपेठ संस्थानात होते, डोंगरापलीकडच्या हिरडोशीतही होते. महाराजांना कुस्तीच्या फडाचं भलतंच वेड. उद्याच्या जोड्या आज सकाळी ठरायच्या आणि लगेच खबर धाडायची. आधी त्यांनी माणसागणिक स्वार पाठवून पाहिला. चाळीस स्वार, चाळीस चिठ्ठ्या, मजकूर तोच! घाटातल्या अरुंद पुलावर घोड्याला घोडा भिडला आणि भाजीच्या गाड्या दिवसभर खोळंबल्या. मग गावोगाव दवंडी पिटली. कुस्तीशी ज्यांना काही सोयरसुतक नव्हतं, त्यांच्याही कानाशी ढोल बडवले. बोरीपेठच्या राणीसाहेबांची दुपारची झोप मोडली आणि त्यांनी दवंडीवाल्यांना सीमाच बंद केली!

घाटातल्या त्या पुलावरची नाकेदारीण बायजाही दरबारात हजर होती. नवरा गेल्यापासून नाका तिने एकटीने सांभाळला होता. महाराजांचे मेहुणे दौलतराव यांचा त्या नाक्यावर केव्हाचा डोळा. ते पुढे सरसावले, "पुलावर कोंडी झाली ती या बाईमुळे, महाराज! नाका मला द्या!"

महाराजांना राग कुणावर तरी काढायचाच होता. "बायजा, हे काम करून दाखव, नाहीतर नाका सोड! आणि ज्याला नको त्याच्या दारात चिठ्ठी जाता कामा नये. शौकिनांची यादी मागू नकोस, ती रोज बदलते!"

नाका गेला तर डोक्यावरचं छप्परही जाणार होतं. पण दरबारात रडायला ती काही हळवी नव्हती. "पंधरा दिवस द्या, सरकार," ती म्हणाली आणि तडक चालू लागली, ती थेट बोरीपेठच्या सीमेवर.

तिथला नाकेदार गेनू तिचं काम ऐकताच हात झाडून म्हणाला, "आमच्या माणसांची नावं कोंडगडला? न्हाई जमायचं, बाय! राणीसाहेब कातडी सोलतील माजी!"

"नावं मागितली कुणी? ज्याला खबर हवी, तो आपल्या जवळच्या नाक्यावर येऊन सांगंल. त्या नाक्यावर काठीला लाल लंगोट लावायचा. मग त्यानं कोंडगडच्या बाजूच्या पुढच्या नाक्याला निरोप द्यायचा, त्यानंबी निरोप आला त्या वाटंच्या तोंडाशी लंगोट लावायचा. असं करत करत माझ्यापातुर. तुझ्याकडं एक शौकीन असू दे न्हाईतर शंभर, मला दिसणार एकच लंगोट!"

"आन् चिठ्ठ्या? लिवायच्या कुणी?"

"नाक्यावर बोरू-दौत असतीच की! वाट फुटंल तिथंच नक्कल काढायची, तीबी लंगोट लागलेल्या वाटंपुरती. एका वाटंनं दुसरी चिठ्ठी न्हाई! आन् शौकिनानं दर सोमवारी येऊन 'अजून हवं' म्हणायचं. कुणीच आलं न्हाई, की लंगोट खाली!"

गेनूला पटलं. हिरडोशीवाल्यांनाही पटलं. बायजाने एकदा चिठ्ठी सोडून पाहिली, आणि फजिती झाली! हिरडोशीचा रस्ता डोंगराला वळसा घालून पुन्हा बोरीपेठच्या रस्त्याला मिळायचा. चिठ्ठी उलट बाजूने परत आली, तिथल्या नाकेदाराने इमानेइतबारे तिची आणखी नक्कल काढली, तीही फिरून आली. खंडू वस्ताद या जुन्या शौकिनाला एकाच दिवशी तीच खबर सात वेळा मिळाली!

बायजाने कपाळाला हात लावला. सगळ्या नाकेदारांना तिने बजावलं, "तुम्ही स्वतः कोंडगडला ज्या वाटंनं जाल, त्याच वाटंनं आलेली चिठ्ठी घ्यायची. दुसरीकडनं आली तर सरळ चुलीत!"

पंधराव्या दिवशी सकाळी वाड्यातून एक स्वार निघाला. दुसऱ्या दिवशी फडावर ही गर्दी! खंडू वस्ताद तर पहाटेच येऊन बसलेला.

महाराजांनी बायजाला बोलावलं. "शौकीन किती होते गं?"

"ठाऊक नाही, सरकार."

"नावं?"

"तीही ठाऊक नाहीत."

"मग पोहोचवलंस कसं?"

"माझ्या पुलापुढे तीन वाटा. लंगोट दोन वाटांवर होते. मी दोन चिठ्ठ्या दिल्या. पुढचं पुढच्या नाक्याला ठाऊक!"

दौलतराव उसळले. "खोटं! मी खुद्द राजघराण्यातला, मला चिठ्ठी मिळालीच नाही! बाई हरली! नाका माझा!"

बायजाने खाली वाकून हात जोडले. "चुकलं, रावसाहेब! आत्ताच लंगोट लावते तुमच्या नावाचा. दर फडाची चिठ्ठी येईल. पण चिठ्ठी घेतली की फडावर यावं लागेल. पहिल्या रांगेत, भर उन्हात, शेवटच्या कुस्तीपर्यंत! लावू ना?"

"छे छे!" दौलतराव दोन पावलं मागे सरले. "मला नको! त्या धुळीचा, त्या घामाचा मला तिटकारा आहे!"

"ऐकलंत, सरकार?" बायजा म्हणाली. "ज्याला नको त्याच्या दारात चिठ्ठी जाता कामा नये, ही तुमचीच अट!"

महाराज आधी गालात हसले, मग खो खो, मग मांडीवर थाप मारून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "दौलतराव, चीत झालात!" हसू आवरत त्यांनी कारकुनाला हाक मारली आणि बायजाच्या नावाने पुलाच्या नाक्याची वंशपरंपरागत सनद तिथल्या तिथे लिहायला सांगितली.