धाकूची घरची शाळा

एका गावात धाकू नावाचा एक भोळा बाप होता. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा बहुधा रांगेत दुसऱ्यांना पुढे सोडत होता. गावात पोरं उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली आणि त्याची आठ वर्षांची शालन घरी बसली. बायको वैजयंती सकाळीच काजूच्या कारखान्यात जायची. म्हणजे पोरीला शिकवायचं काम आलं धाकूकडे.

वैजयंतीचा भाऊ बाबी तालुक्याला मास्तर होता. त्याने बजावलं, "सहा महिन्यांनी आमच्या शाळेत परीक्षा. नापास झाली, तर वर्षभर माझ्या घरी राहून अभ्यास."

धाकूने शालनला जवळ ओढून धरलं. शालन समोर नसली तर त्याला घास गिळवत नसे.

मास्तरने युक्ती सांगितली, पुस्तकाला चिकटू नका, वस्तू हातात द्या. दुसऱ्या दिवशी धडा होता मधमाशीचा. धाकूने परसातलं अख्खं पोळं आणून पोरीच्या मांडीवर ठेवलं. संध्याकाळी वैजयंतीला दोघांपैकी कुणाचंच तोंड ओळखू येईना.

"भाऊजी, अशा वेळी चित्र काढून दाखवायचं," मास्तर म्हणाला.

धाकूने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वैजयंती सांगून गेली, शालनला भात करायला शिकवा. धाकूने कोळशाने भिंतीवर पातेलं काढलं, वाफ काढली, शेजारी माशाची आमटीही काढली. वैजयंती भुकेली घरी आली आणि भिंतीकडे बघत बसली. त्या दिवशी धाकूने बरंच ऐकून घेतलं.

मास्तरने पुन्हा समजावलं, जे शिकवायचं ते स्वतः करून दाखवा. पुढचा धडा वटवाघळाचा निघाला. धाकू फणसाच्या फांदीला उलटा लटकला. शेजारी शिडी घेऊन धावले, तर म्हणतो कसा, "वटवाघूळ दिवसा उतरत नाही."

मास्तरने हात जोडले. "भाऊजी, आता तुम्ही काही करू नका. शालनला मास्तर करा, तुम्ही विद्यार्थी व्हा. शिकवता शिकवता तीच शिकेल."

हे मात्र जमलं. शालन छडी घेऊन खुर्चीत बसायची आणि धाकू अंगठे धरून उभा राहायचा. पोरीचे पाढे तोंडपाठ झाले.

परीक्षेच्या दिवशी धाकू भांग पाडून पहिल्या बाकावर बसला. गुडघे हनुवटीला टेकले होते. शाळेच्या बाईंनी विचारलं, शालन कोण?

"त्या आमच्या मास्तरबाई," धाकू म्हणाला. "परीक्षा विद्यार्थ्याने द्यायची."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि दोघांनाही पेपर दिले.

निकाल लागला. शालन पहिली आली. वैजयंतीने शिरा केला आणि नवऱ्याला हाक मारली. नवरा घरात नव्हताच. तो तालुक्याला मास्तरच्या ओसरीवर बसला होता. काखेत वळकटी, हातात पाटी, डोळे रडून सुजलेले.

"भाऊजी, पोरगी पास झाली की," मास्तर म्हणाला.

"ती झाली," धाकूने नाक पुसलं. "नापास मी झालो. ठरल्याप्रमाणे वर्षभर राहायला आलो."