बस्त्यावची गिटार

अवजारं माणसांपेक्षा जास्त बोलायची त्या काळातली गोष्ट. वसईच्या एका दुकानात बस्त्यावची जुनी गिटार दुरुस्तीला आली. पोटातली एक पट्टी सुटून तार छेडली की खरखरायची, एवढंच तिचं दुखणं.

"माझा थेंबभर पुरे," लाकूड चिकटवायचा सरस म्हणाला.

"तू गप रे!" पॉलिश पेपर ओरडला. "आधी म्हातारीची नवरी करू."

गिटार खवळली. "हात लावू नकोस मेल्या! भोकाशेजारचा हा खळगा बस्त्यावच्या बापाच्या नखांनी पडलाय, चाळीस वर्षं वाजवून. तो काय मळ आहे?"

पण कारागिराला पेपरचंच पटलं. त्याने खळग्यात लांबी भरली, खसाखसा घासलं, वर वार्निश चढवलं. त्या चकाकीपुढे सरसाची आठवणच कुणाला राहिली नाही.

बस्त्याव आला. त्याने बोटांनी खळगा चाचपला. सगळं गुळगुळीत!

"ही आमची नव्हे," म्हणत त्याने तार छेडली. पट्टी खरखरली, आणि त्याने गिटार छातीशी धरली.

"बघा, मेल्यांनो!" ती कडाडली. "चेहरा घासून टाकलात, आणि माझ्या माणसावर मला दुखण्यावरून ओळखायची पाळी आणलीत!"