जांभळ्या देठाची भांग

"…ते झालं. पण देठ जांभळा का?" खेमगीर बाबांनी विचारलं.

"एका वेळी एक, बाबा," ऋजुता म्हणाली. "आधी खालची पिवळी पानं."

ती झाडापाशी उकिडवी बसली होती. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात रंगांचा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पिवळ्याच्या अकरा छटा होत्या आणि प्रत्येक छटेखाली एकेका उणिवेचं नाव होतं.

झाड भांगेचं होतं. हिवऱ्याच्या मठात, धुनीमागच्या कोपऱ्यात, ते दर वर्षी आपलं आपण उगवायचं. शिवरात्रीला त्याची पानं महादेवाला वाहायची, उरलेली थंडाईत वाटायची आणि गाळ त्याच कोपऱ्यात फेकायचा, एवढीच त्याची शेती. गावच्या पोलीस पाटलांना ते झाड आजवर दिसलेलं नव्हतं. तिथून जाताना ते नेमके चष्मा पुसत.

ऋजुता गावच्याच पोस्टमास्तर काळोख्यांची मुलगी. पाच वर्षं हॉलंडमध्ये राहून पिकांच्या पोषणाचं शास्त्र शिकली होती आणि तिकडची नोकरी नाकारून परत आली होती. तिला मठाची ओढ्याकाठची तीन एकर पडीक जमीन हवी होती. तिथे शाळा काढायची होती. पोरांनी माती हातात घेऊन, हुंगून, मोजून शिकावं अशी. ती या शाळेबद्दल बोलू लागली की ऐकणाऱ्याचा चहा गार होई.

त्याच जमिनीवर तालुक्याच्या एका मंडपवाल्याचा डोळा होता. त्याला तिथे लग्नाचं लॉन करायचं होतं.

जमीन कुणाला, ते बाबा ठरवणार होते. आणि बाबांची अट एवढीच होती :

"या झाडाला काय झालंय ते सांग. शिवरात्रीच्या आत बरोबर सांगितलंस, तर जमीन तुझी."

शिवरात्रीला पंधरा दिवस होते. ऋजुताला त्यातले चौदा जास्तीचे वाटले.

"नत्र," ती उठत म्हणाली. "वरची पानं हिरवी, खालची पिवळी. नत्र कमी पडलंय."

"हे उत्तर?"

"हे उत्तर. चार दिवसांत सिद्ध करून दाखवते."

"सिद्ध कसं करणार?"

"नत्र देऊन."

बाबांनी बापू गुरवाला हाक मारली. बापू महादेवाची पूजा करी, मठ झाडी आणि कुणी न विचारता मत देई.

"बापू, ताईंना पाणी दे."

"प्यायला का झाडाला?"

"त्यांनाच विचार."

ऋजुतानं दोन बादल्या मागितल्या.

*

पाचव्या दिवशी झाड हिरवं होतं. फारच हिरवं होतं.

"काळं पडलंय, ताई," बापू म्हणाला. "म्हशीवानी. आन् शेंडे बघा, पोपटाच्या चोचीगत वळलेत."

"नत्र किंचित जास्त झालं. बसेल ते," ऋजुता म्हणाली. "बाबा, मी मूळ दुखणं दुसरीकडेच शोधत होते. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत. जांभळा देठ. तेच खरं लक्षण."

"कशाचं?"

"स्फुरदाचं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडलं की देठ जांभळा होतो. पुठ्ठ्यावर हीच छटा आहे, बघा."

बाबांनी पुठ्ठा पाहिला. देठ पाहिला. मग तिच्या कानामागची केसांची बट पाहिली. ती बट जांभळी होती.

"आणि हे?"

"हे होय." ती हसली. "हे मी मुद्दाम रंगवलंय."

"का?"

"आवडतं म्हणून."

बाबा झाडाकडे बघत राहिले…

"त्याला आवडत नसेल कशावरून?"

"झाडांना आवडनिवड नसते, बाबा."

"असं तिकडे शिकवतात?"

"हो."

"फी घेऊन?"

बापूनं तोंडावर उपरणं धरलं. ऋजुतानं स्फुरदाची पुडी पाण्यात कालवली.

"रात्री थंडी किती पडते इथं?" बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पुष्कळ," ती काडीनं ढवळत म्हणाली. "मी दोन गोधड्या घेते. का?"

"काही नाही."

*

नवव्या दिवशी नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा फिकट झाली. कोळ्याच्या जाळ्यावर कुणी हिरवा रंग ओतावा तशी.

"छान," ऋजुता म्हणाली.

"छान?" बापूनं विचारलं.

"म्हणजे लक्षण स्पष्ट आहे. हे लोह. स्फुरद जास्त झालं की मुळांना लोह उचलता येत नाही. पाठ्यपुस्तकात छापावं इतकं नमुनेदार आहे."

तिनं फोटो काढला. ती रोज सकाळी एक फोटो काढी, त्याच जागेवर उभी राहून, त्याच उजेडात. त्या बाबतीत तिच्याकडून एक दिवस चुकला नव्हता.

मग तिनं लोहाचं पाणी फवारलं.

दुसऱ्या दिवशी पानांवर तांबूस फोड उठले.

"ताई," बापू अगदी हळू आवाजात म्हणाला, "ह्याला देवी आल्या का?"

"फवारा जरा तीव्र झाला."

"न्हाय, आल्या असतील तर तसं सांगा. कडुनिंबाचा पाला बांधतो."

त्याच दुपारी मंडपवाला मठात पाया पडायला आला. जाताना ओढ्याकडे वळला आणि जमिनीवर लांब लांब पावलं टाकून मोजू लागला. स्टेज कुठे, जेवणाच्या पंगती कुठे, हे तो आपल्या माणसाला हातवारे करून सांगत होता. ऋजुतानं ते भिंतीवरून पाहिलं.

ती बाबांकडे आली. तिचा आवाज चढला होता.

"बाबा, तिथं शाळा झाली पाहिजे. या गावात दर घर खताच्या पिशव्या आणतं, आणि आपल्या मातीत काय आहे हे एकालाही ठाऊक नाही. दुकानदार सांगेल ते घालतात. पीक पिवळं पडलं की घाल, लाल पडलं की घाल. आधी बघायला नको का? थांबून, नीट?"

"हवं की," बाबा म्हणाले.

"मग?"

"मग काय. तू म्हणतेस ते बरोबरच आहे."

ती थोडी वरमली. कशामुळे ते तिला कळलं नाही. तिनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि बापूला म्हणाली, "सगळं धुऊन काढायचं. मुळाशी साठलेलं सगळं. चाळीस बादल्या."

"चाळीस?"

"चाळीस."

विहीर मठाच्या दुसऱ्या टोकाला होती. बापूनं चाळीस बादल्या ओतल्या. सव्विसाव्या बादलीपासून तो मोठ्यानं महादेवाचं नाव घेत होता, पण त्यात भक्ती कमी होती.

तीन दिवसांत झाडानं मान टाकली.

*

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ऋजुता सकाळीच आली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. हातात नवी पुडी होती.

"बाबा, आता कळलं."

"काय?"

"मॅग्नेशियम."

बाबा धुनीपाशी बसले होते. त्यांनी तिला शेजारी बसायला सांगितलं.

"तू रोज फोटो काढतेस ना?"

"हो."

"बघू."

तिनं मोबाइल दिला. बाबांनी तो ताटलीसारखा दोन्ही हातांत धरला. पडद्यावर आजचं झाड होतं. काळपट, फोड आलेलं, चिखलात वाकलेलं.

"पुढचं कसं बघायचं?"

"पुढचं नाही, बाबा. आता मागचं. बोटानं असं सरकवा."

बाबांनी बोट सरकवलं. एकेक फोटो, माळेचा मणी ओढावा तसा. प्रत्येकापाशी थांबून.

बापू मागून डोकावत होता.

झाडानं मान वर केली. मग पानांवरचे फोड गेले.

"उतार पडला," बापू म्हणाला.

पानांची फिकट जाळी भरून आली. काळपटपणा उतरला. पोपटाच्या चोची एकेक करून सरळ झाल्या.

"महाराज, हे औषध लागू पडतंय," बापू म्हणाला. "हेच चालू ठेवा."



बाबांनी शेवटचं एकदा बोट सरकवलं. पडद्यावर छातीएवढं उंच, ताठ, हिरवं झाड आलं. खाली चार पिवळी पानं. देठ जांभळे, सकाळच्या उन्हात चकाकणारे.

"हे कुठलं झाड?"

"हेच," ऋजुता म्हणाली. "पहिल्या दिवसाचं. मी हात लावायच्या आधीचं."

बोलून झाल्यावर ती थांबली.

धुनीतलं एक लाकूड तडकलं. बाबांनी मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला.

"त्याला काय झालं होतं?"

ती त्या फोटोकडे बघत राहिली. पहिल्यांदाच पुठ्ठा न धरता.

"थंडी होती," ती म्हणाली. "थंडीत काही झाडांचे देठ जांभळे होतात. आणि खालची पानं… जुनी झाली होती. बी धरायच्या वेळी झाड खालच्या पानांतलं काढून वर नेतं. मग ती पिवळी होऊन गळतात."

"म्हणजे काय झालं होतं?"

"काही नाही."

"हे कधी शिकलीस?"

"पहिल्या वर्षाला," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात."

बापूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाबांनी बोट वर केलं. बापूनं तोंड मिटलं.

"बरं. आणि आता काय झालंय त्याला?"

ऋजुता उठली. झाडापाशी गेली. नवी पुडी हातातच होती. तिनं ती फोडली नाही. वाकून एक पान उचलून धरलं, उलटं करून पाहिलं, आणि परत सोडलं.



"मी," ती म्हणाली.

"काय म्हनला, ताई?" बापूनं विचारलं.

"त्याला मी झालेय, बापूकाका. ही सगळी लक्षणं माझी आहेत."

ती परत आली. भिंग पिशवीत टाकलं, पुठ्ठा दुमडून टाकला, आणि बाबांच्या पाया पडायला वाकली.

"मी तीन उत्तरं दिली, बाबा. तिन्ही चुकली. आज चौथं घेऊन आले होते. जमीन मंडपवाल्याला द्या. तो निदान मांडव घालतो आणि दुसऱ्या दिवशी काढून नेतो."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो थोडा वेळ तसाच राहिला.

"बापू," ते म्हणाले, "उद्या पूजा झाली की हिला ओढ्याकडे ने. आपल्या हद्दीचे दगड कुठे कुठे आहेत ते दाखव. पूर्वेकडचा मातीत बुडालाय, तो उकरून दाखव."

ऋजुतानं मान वर केली.

बापू तिच्याकडे, झाडाकडे आणि बाबांकडे असा आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"महाराज, झाड मेलं."

"हं."

"उद्या देवाला वाहायला धड पान न्हाय. सगळं गाव थंडाईला येनार. त्यांना काय बेलाचा रस पाजू? चाळीस बादल्या वढून माझी कंबर गेली. आन् जमीन हिलाच?"

बाबांनी चिमट्यानं धुनीतली राख सारखी केली. निखारा वर आला.

"मेलेली झाडं पुष्कळ पाहिली, बापू," ते म्हणाले. "पण रोगानं पुढं येऊन आपलं नाव सांगितलेलं… हे पहिलंच."