गोदाक्कानं न उसवलेली चोळी

कांदळवाडीच्या खाडीवर पूल नव्हता आणि गावात शिवणयंत्र कुणी पाहिलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. गावात गोदाक्का नावाची शिंपीण होती. सगळ्या बायकांच्या चोळ्या ती हातानं शिवायची. तिला दोरीनंसुद्धा मोजावं लागत नसे, असं म्हणतात. बाई उंबरा ओलांडून आत येईपर्यंत नजरेनंच माप घेऊन झालेलं असायचं.

एकदा शेवंता खारवीण नवीकोरी चोळी परत घेऊन आली.

"आक्का, डाव्या अंगाला तेवढी उसवून दे गो. घट्ट होतेय."

गोदाक्कानं कात्री उचलली आणि तशीच खाली ठेवली. एकाच अंगाला? वाडीतली बयाबायही मागं असंच म्हणाली होती. तेव्हा गोदाक्कानं शिवण सोडून दिली होती. मग पुन्हा सोडली, मग आणखी एकदा. गावची रीतच होती तशी. चोळी घट्ट झाली की उसवायची, अंगाबद्दल विचारायचं नाही. पुढच्या आगोटीला, पाऊस लागायच्या सुमारास, बयाबाय राहिली नव्हती.

"ही चोळी मी उसवणार नाही," गोदाक्का म्हणाली.

"का गो? दोरा संपला वाटतं?"

"हसू नको. हात लाव बघू तिथं. गाठ लागते?"

शेवंताचं हसू गेलं. "लागते. पण दुखत नाय, म्हणून बोलले नाय. कोणाला सांगू नको हां आक्का, घोव घराबाहेर काढील."

"त्याला मी सांगते. तू नुसती माझ्या बाजूला उभी राहा."

आणि तिनं सांगितलंही. शेवंताचा नवरा जाळं विणत होता, त्याचे हात थांबले. त्यानं जाळं बाजूला सारलं. मग म्हणाला, "पोरांकडं मी बघतो. तुम्ही जावा."

खाडीपलीकडच्या बंदरात एक डॉक्टरीणबाई आली होती. ती अशा गाठी काढते, एवढं गोदाक्काच्या कानावर होतं. दोघी धक्क्यावर आल्या, पण होडी पलीकडच्या काठाला. आणि असं दुखणं घेऊन कुणी बसलं की होडीचं लाकूड कुजतं, अशी तिकडच्या होडीवाल्याची समजूत. त्यानं दोघींना पाहिलं, हातात मासळीची पाटी नाही म्हणजे डॉक्टरणीकडंच निघाल्यात हे ओळखलं आणि पाठ फिरवली.

आज कांदळवाडीत या आजाराची बाई दवाखान्यात एकटी जात नाही. वाडीतली एक तिच्यासोबत जाते, एक पोरांपाशी थांबते. ऑपरेशन झालं की शिंपी एका अंगाला सावरीचा कापूस भरून तिला चोळी शिवून देतो. जी बरी व्हायची नसते, तिच्याही उशाशी कुणीतरी बसतंच. हे सगळं गोदाक्काच्या नावानं चालतं. पण हे पुढचं. त्या दिवशी समोर नुसतं पाणी होतं.

गोदाक्का धक्क्यावर उभी राहिली आणि हाका मारू लागली. "होडी आणाऽऽ!" तिच्या हाकेनं चिखलातले खेकडे बिळाबाहेर आले, असं म्हणतात. ओहोटीचं पाणी उतरता उतरता थबकलं, असंही म्हणतात. होडीवाला मात्र हलला नाही. हाका मारून मारून गोदाक्काचा आवाज बसला. तोंड उघडायचं, पण शब्द फुटेना.

तेव्हा शेवंता पुढं झाली. ज्या बाईनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ती दोन्ही काठांना ऐकू जाईल अशी ओरडली, "माझ्या छातीत गाठ हाय! डॉक्टरणीकडं जायचंय! कोणी हायसा का?"

तो आवाज शेवंताचा नव्हताच, गोदाक्काचा गेलेला आवाज तिच्या तोंडून निघाला, असं म्हणतात. खरं काय असेल? कुणाला ठाऊक. पण पलीकडं हालचाल झाली. होडीवाल्याच्या हातातलं वल्हं कुणीतरी ओढून घेतलं. त्याची बायको होती ती. तिनं होडी पाण्यात ढकलली आणि ओरडली,

"थांबा गोऽऽ, आले! एकटीला धीर होत नव्हता. तुमच्याबरोबर मलापण दाखवायचंय!"