पंधरा दिवसांचं कलम

इंटरनेटवरच्या घातक मजकुराला आळा घालणारा कायदा तयार होत होता. मोरेश्वर दिघे बावीस वर्षं कायद्यांचे मसुदे लिहीत आले होते. पण समितीच्या अध्यक्षा हल्ली काहीही विचारायचं झालं की आधी दिघ्यांच्या हाताखाली नव्यानं आलेल्या तस्नीम मुजावरकडे बघत, आणि दिघ्यांचा नुसता जळफळाट होई. कालची आलेली पोर!

त्या दिवशी एका बड्या व्हिडिओ कंपनीचे वकील बक्षी बाजू मांडायला आले. समोर एक आई बसली होती. तिच्या मुलीचा खोटा, अश्लील व्हिडिओ कुणीतरी टाकला होता आणि मुलीनं कॉलेज सोडलं होतं.

"रोज लाखो व्हिडिओ येतात, मॅडम," बक्षी हसत म्हणाले. "एखादा काढायला पंधरा दिवस लागणारच. कायद्यात तेवढी मुदत द्या."

दिघे उत्तर जुळवत होते, तोच तस्नीम उठली.

"सर, मी क्रिकेट मॅचचा तुकडा चोरून टाकला, तर तो किती वेळ टिकेल?"

"दोन मिनिटंसुद्धा नाही!" बक्षी ऐटीत म्हणाले. "आमची यंत्रणा लगेच ओळखते."

"मग या ताईंच्या मुलीच्या व्हिडिओला मॅचचा तुकडा जोडू का? म्हणजे तो आत्ताच निघेल."

बक्षी समोरचे कागद चाळू लागले.

"दिघे, पंधरा दिवस खोडा," अध्यक्षा म्हणाल्या. "एक दिवस लिहा."

दिघ्यांनी लिहिलं. हे आपल्याला का सुचलं नाही, या विचारानं त्यांचं पेन कागदात रुतत होतं.

बाहेर त्या आईनं तस्नीमकडे बघत त्यांना हात जोडले. "साहेब, ही तुमच्याच हाताखाली तयार झाली ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," दिघे म्हणाले. "तिचं तिलाच सुचलं."