अस्सल चामडं आणि खालच्या फळीवरचं रेक्झिन

मोटारीच्या काचा हाताने फिरवून खाली कराव्या लागत, त्या काळी मी हनीफचाचांच्या सीट शिवायच्या दुकानात राहत होतो. मी अस्सल चामडं. कुणी विचारत नसे, तरी मी सांगत असे. खालच्या फळीवर रेक्झिन होतं. त्याचा खोटेपणा उघडकीला आणणं हे मी माझं जीवितकार्य मानलं होतं.

एकदा घोरपडेसाहेबांची परदेशी गाडी आली. तिच्या सीटला मलाच लावावं म्हणून मी भांडलो.

"चाचा, हे नकली आहे. काडी लावून बघा."

"दादा," रेक्झिन म्हणालं, "उन्हात आपण दोघंही सारखाच चटका देतो."

चाचांनी दोघांच्या कोपऱ्याला पेटती काडी धरली. रेक्झिन वितळलं, मी नुसता काळवंडलो. साहेबांनी मला निवडलं. मी इतका फुगलो, की चाचांना टाके घालणं जड गेलं.

गाडी तयार झाल्यावर साहेबांनी माझ्यावरून हात फिरवला, पण बसले नाहीत.

"एवढी महागाची वस्तू. कुणी चहा सांडला तर?"

"वरून कव्हर घालू, साहेब," म्हणत चाचांनी खालच्या फळीवरचं रेक्झिन उलगडलं.

तेव्हापासून मी त्याच्याखाली आहे. बाहेरच्या बातम्या तेच देतं.

"दादा, आज साहेबांच्या सासूबाई बसल्यात. माझ्यावर हात फिरवतायत."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, अस्सल चामड्याची मजाच वेगळी."

मी तातडीने खुलासा केला. तो कव्हराच्या आतच राहिला.